वॅट दाखवणारं रोइंग मशीन घेताय? आधी दांडी सोडून बघा

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावची पोरं पोलीस भरतीची तयारी करतात. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक, सगळं शाळेच्या मैदानावर. पावसाळ्यात काळी माती पायाला धरते आणि धावणं बंद पडतं, म्हणून व्यायामशाळेसाठी वर्गणी काढून रोइंग मशीन आणलं, म्हणजे सरकत्या सीटवर बसून दोरीची दांडी नाव वल्हवल्यासारखी ओढायचं यंत्र. सोयाबीन विकून आलेल्या पैशातून लोकांनी दिलेले ३८ हजार रुपये होते ते. "प्रत्येकाची ताकद वॅटमध्ये मोजते," असं विक्रेत्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं.

आमच्यातला सगळ्यात दणकट पोरगा जीव तोडून ओढायचा, आकडा १२० वॅट. मग सातवीतलं एक पोट्टं बसलं, त्याच तालात मागे-पुढे झालं. आकडा १२०! "भाऊ, मी तं हळूच ओढून राह्यलो," ते म्हणालं. मग दांडीला हातही न लावता नुसती सीट सरकवली, तरी वॅट येतच होते. खाली वाकून पाहिलं तर सीटला चिकटवलेलं चुंबक आणि रुळावर सेन्सर. सीट सरकली की एक मोजणी, बस्स. जोराचा त्यात काही संबंधच नाही. त्या आकड्यांवरून पोरं आपली तयारी ठरवत होती, याचा मला फार संताप येतो.

पंख्याचं चाक असलेल्या खऱ्या मशीनमध्ये मीटर दर ओढीला चाकाचा वेग किती वाढला आणि दोरी सोडल्यावर तो किती झपाट्यानं उतरला, हे पाहून वॅट काढतं. कॉन्सेप्ट टू या कंपनीच्या रोइंग मशीनच्या मीटरवर ५०० मीटरला २ मिनिटं ३० सेकंदांचा वेग असेल तर साधारण १०४ वॅट दिसतात, २ मिनिटांचा असेल तर २०३ च्या आसपास. वेग थोडा वाढवायला ताकद कितीतरी जास्त लागते. आमच्या मशीनवर वेग आणि वॅट अगदी एकाच हिशेबानं वाढायचे.

दुकानातच एकाच तालात एकदा हळू आणि एकदा जोरात ओढा. आकडा हलला नाही तर पैसे देऊ नका. आणि पक्कं बिल घ्या, त्यावर "वॅट मोजणारं" असं लिहून घ्या. आम्हाला कोऱ्या कागदावर पावती मिळाली, आता विक्रेता "मी असं बोललोच नाही" म्हणतो. सुदैवानं त्याचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज आमच्याकडे आहेत.

कोणी आधीच फसलं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत २ वर्षं. आम्ही यवतमाळला तक्रार देतोय.