मीटरवर शून्य दाखवून विकलेल्या प्लग वायरी

जुन्या होंडा सिटी व्हीटेकसारख्या गाड्या जपणाऱ्यांना सध्या प्लग वायरी, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगपर्यंत वीज नेणाऱ्या वायरी, विकताना एका विशिष्ट पद्धतीने फसवले जात आहे. इंदूरमध्ये माझ्या बाबतीत ते घडले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. १.५ लिटरचे १०६ अश्वशक्तीचे हे इंजिन आपल्याकडे २००० साली आले. नव्या गाड्यांप्रमाणे त्यात प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल (ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणारा भाग) नसते. डिस्ट्रिब्युटरमधून, म्हणजे ही वीज एकेका प्लगला वाटणाऱ्या भागातून, निघालेल्या चार वायरी इंजिनाच्या वरच्या झाकणातील खोल नळ्यांमधून प्लगपर्यंत उतरतात. मूळ वायरींचे संच आता सहज मिळत नाहीत आणि फसवणाऱ्यांचे फावते ते नेमके येथेच.

इंदूरजवळच्या सिमरोलच्या पुढे भेरूघाट चढताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की माझी गाडी मिसिंग करू लागली होती, म्हणजे मधूनच ठिणगी चुकून झटके देत होती. सपाट रस्त्यावर मात्र काहीही जाणवत नव्हते. इंजिनावर भार आला की सिलिंडरमधील मिश्रणाचा दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पडण्यासाठी अधिक व्होल्टेज लागते. इन्सुलेशन कुठे कमकुवत असेल तर वीज प्लगपर्यंत न जाता जवळच्या धातूकडे उडी मारते. त्यामुळे घाटातच जाणवणारे मिसिंग पाहून प्लग आणि वायरी तपासणे हे योग्यच होते. परिचितांनी सुचवलेल्या शहरातील एका दुकानात मी गेलो. दुकानदार मराठी होता, गणेशोत्सवातील ओळखीपाळखी निघाल्या आणि त्याने मला ‘काका’ म्हणत अगत्याने बसवून घेतले.

त्याने माझ्या चारही वायरी काढल्या, मल्टिमीटर आणला आणि एकेक वायर माझ्यासमोर मोजली. सर्वांत आखूड वायरीचा रोध (रेझिस्टन्स) सहा हजार ओहमच्या आसपास आणि सर्वांत लांब वायरीचा अकरा हजारांच्या घरात होता. “काका, बघा, करंट इथेच अडतोय. या वायरी मेल्यात,” असे म्हणून त्याने लाल रंगाचा, ८.५ मिलिमीटर जाडीचा ‘रेसिंग’ संच उघडला आणि त्यावर मीटर लावला. आकडा जवळजवळ शून्य आला. “आता सगळी पॉवर प्लगला.” पाकिटावर परदेशी बनावटीचा दावा होता आणि पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राच्या ट्रॅकवर हा माल तपासला आहे असेही त्याने सांगितले. तिथला ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक हा आम्हा इंदूरकरांच्या अभिमानाचा विषय आहे आणि त्या नावाचा वापर कशासाठी केला जातो हे उघड आहे. चाचणीचा कागद मागितल्यावर तो डीलरकडे असतो असे उत्तर मिळाले. संचाची किंमत ४,५०० रुपये सांगितली गेली. मी यूपीआयने पैसे दिले. पक्के बिल मागितले तेव्हा संगणक बंद आहे, उद्या पाठवतो, असे सांगून त्याने हातात साधी चिठ्ठी दिली. माझ्या जुन्या वायरी त्याने ‘भंगारात टाकतो’ म्हणून ठेवून घेतल्या.

या प्रात्यक्षिकात मीटर खरा होता आणि आकडेही खरे होते, पण त्यांचा अर्थ उलटा सांगितला गेला. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक प्लग वायरींच्या आत कार्बनयुक्त तंतूंचा गाभा असतो आणि त्याचा रोध एक मीटर लांबीमागे साधारण दहा ते वीस हजार ओहम असावा अशीच त्याची रचना असते. होंडाच्या या काळातील इंजिनांसाठी एका वायरीची कमाल मर्यादा २५,००० ओहम दिलेली आहे. म्हणजे माझ्या ‘मेलेल्या’ वायरी विद्युतदृष्ट्या पूर्णपणे धडधाकट होत्या. हा रोध मुद्दाम ठेवलेला असतो, कारण ठिणगी पडताना निर्माण होणाऱ्या रेडिओ लहरींना तो आवर घालतो. तसे न झाल्यास रेडिओत खरखर येते आणि ईसीयूकडे (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाकडे) जाणाऱ्या सेन्सरांच्या क्षीण संदेशांतही गोंधळ होऊ शकतो. याच कारणासाठी अनेक प्लगांमध्येही सुमारे पाच हजार ओहमचा रोधक बसवलेला असतो आणि एनजीके या कंपनीच्या प्लगच्या क्रमांकातील ‘आर’ हे अक्षर तेच सांगते.

रोध कमी म्हणजे ताकद जास्त, हा दावा साध्या गणितानेही टिकत नाही. ठिणगी पडल्यावर वायरीतून जाणारा प्रवाह साधारण शंभर मिलिअँपिअरच्या आतच असतो. तो ५० मिलिअँपिअर धरला आणि वायर पाच हजार ओहमची धरली, तर वायरीत खर्च होतात फक्त २५० व्होल्ट. कॉइल मात्र गरजेप्रमाणे दहा, वीस, प्रसंगी तीस हजार व्होल्टपर्यंत जाते. निरोगी वायरींच्या जागी कोणताही संच बसवला तरी इंजिनाची शक्ती वाढत नाही. बिघडलेल्या वायरींमुळे गेलेली शक्ती तेवढी परत मिळते. जाडीचेही तसेच आहे, कारण ७ किंवा ८.५ मिलिमीटर हे माप बाहेरच्या आवरणाचे असते आणि आतल्या वाहकाबद्दल ते काहीही सांगत नाही. स्पर्धांसाठी बनवलेल्या चांगल्या वायरी मिळतात आणि त्यांचा रोध कार्बन गाभ्याच्या वायरींपेक्षा बराच कमी असतो, हे खरे आहे. परंतु त्यांत बारीक तार गाभ्याभोवती सर्पिल गुंडाळलेली असते आणि लहरी दाबण्याचे काम ती गुंडाळणी करते. त्यामुळे मीटरवर शून्यापेक्षा स्पष्टपणे जास्त रोध दिसतोच. निखळ शून्य दिसणे म्हणजे आत साधी तांब्याची तार असण्याची दाट शक्यता.

नवा संच बसवल्यानंतर रेडिओवर इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शिटी येऊ लागली आणि इंजिनाचा वेग दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा मधूनमधून थरथरू लागला. घाटातील मिसिंग गेले नाहीच, उलट पावसाळ्यात ते शहरातही होऊ लागले. माझ्या जुन्या मिस्त्रींनी अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनाच्या वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला, तेव्हा दोन ठिकाणी निळसर ठिणग्या स्पष्ट दिसल्या. (हे काम जाणकारानेच, वायरींना हात न लावता करावे.) त्यांनी एक वायर कापली, तर आत तांब्याचे मोजके धागे होते. आवरणाचा तुकडा जाळला, तो काळा धूर सोडत, झोंबणारा वास मारत वितळला. सिलिकॉन असा वितळत नाही, त्याची पांढरी राख उरते. म्हणजे हे पीव्हीसी होते, जे सिलिंडर हेडजवळच्या उष्णतेत कडक होऊन तडकते. खरे सिलिकॉन १८० अंश सेल्सिअसच्या आसपासही टिकते.

मूळ दोष निराळाच निघाला. तिसऱ्या प्लगच्या नळीचे रबरी सील झिजून आत ऑइल साचले होते आणि वीज तिथेच गळत होती. मिस्त्रींनी सील आणि प्लग बदलले, कार्बन गाभ्याचा योग्य लांबीचा संच बसवला आणि भेरूघाट पूर्ववत चढता आला. अशा मिसिंगने होणारे मोठे नुकसान वेगळेच आहे. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि त्याची आतली जाळी वितळवू शकते. तो खर्च वायरींच्या कितीतरी पट असतो.

माझा सर्वाधिक संताप आहे तो जुन्या वायरींबद्दल. चांगल्या अवस्थेतील मूळ संच ग्राहकाकडून ‘भंगार’ म्हणून काढून घेतला जातो, आणि जो भाग बाजारात दुर्मीळ आहे तो खरोखर भंगारात जातो यावर माझा विश्वास नाही. दुसऱ्या दिवशी मी वायरी परत मागितल्या, तेव्हा त्या टाकून दिल्याचे सांगण्यात आले. म्हणून काढलेला प्रत्येक भाग त्याच वेळी स्वतःच्या ताब्यात घ्यावा. मीटर दाखवला गेला, तर आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधील मर्यादा किती आहे हे आधी विचारावे.

आयात केलेल्या मालाच्या पाकिटावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, निर्मितीचा महिना-वर्ष आणि कमाल विक्री किंमत असणे बंधनकारक आहे. माझ्या पाकिटावर किंमत वगळता यांपैकी काहीच नव्हते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आणि त्यानंतर दुकानदाराने अर्धे पैसे परत करण्याची तयारी दाखवली. ती मी नाकारली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही. माझा अर्ज तयार आहे. त्याला यूपीआयची नोंद, ती चिठ्ठी, पाकीट आणि कापलेली वायर जोडली आहे. अशाच लाल संचासाठी कोणी पैसे मोजले असतील, तर त्यांनी पाकीट आणि वायरी फेकून देऊ नयेत, कारण तक्रारीत पुरावा म्हणून त्याच उपयोगी पडतात.