नव्व्याण्णव टक्क्यांवर अडकलेली फाईल आणि चार डाउनलोड मॅनेजर

इंदूरच्या रामबागेतल्या घरात बसून जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रती गोळा करण्याचा नाद मला बरीच वर्षे आहे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात स्कॅन झालेली पुष्कळ मराठी पुस्तके इंटरनेट आर्काइव्हच्या संकेतस्थळावर मिळतात. त्यातली एखादी पीडीएफ 20 एमबीची असते, तर एखादी 200 एमबीच्याही पुढे जाते, आणि एका बैठकीत पन्नास-साठ फाइली उतरवायच्या असल्या की ब्राउझरच्या भरवशावर बसणे अवघड होते. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एका वादळी संध्याकाळी मी एक मोठा संच उतरवत होतो. लाइट गेली. संगणक इन्व्हर्टरवर होता, राउटर नव्हता. नव्व्याण्णव टक्के उतरलेल्या फाइलीपुढे ‘अयशस्वी’ असा शेरा पडला, ‘पुन्हा प्रयत्न करा’ दाबल्यावर आकडा शून्यावर गेला, आणि त्या रात्री मी डाउनलोड मॅनेजर, म्हणजे फाइली उतरवण्याचे काम ब्राउझरऐवजी करणारी सॉफ्टवेअर, नीट पारखून घ्यायचे ठरवले. पुढची चार सॉफ्टवेअर मी आळीपाळीने वापरली आहेत.

त्याआधी वेगाबद्दल दोन शब्द, कारण जाहिराती आणि व्हिडिओ यांचा सगळा भर ‘पाचपट वेग’ यावर असतो. आपल्या ब्रॉडबँडची मर्यादा 100 एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला 100 मेगाबिट असेल, तर आठ बिटांचा एक बाइट या हिशेबाने सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी एवढाच मजकूर घरात येऊ शकतो, आणि 6 जीबीच्या फाइलीला किमान आठ मिनिटे लागणारच. कोणतेही सॉफ्टवेअर यापुढे जाऊ शकत नाही. मग फरक पडतो कुठे? सर्व्हर फार लांब असेल, किंवा तो प्रत्येक कनेक्शनला ठरावीकच वेग देत असेल, तेव्हा. अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला पाव सेकंदाच्या आसपास वेळ जातो. एका कनेक्शनवर सर्व्हर थोडा मजकूर पाठवतो, पोच मिळेपर्यंत थांबतो आणि मग पुढचा पाठवतो, त्यातून वाटेत एखादे पॅकेट, म्हणजे मजकुराचा छोटा गठ्ठा, हरवले की वेग आणखी खाली येतो. डाउनलोड मॅनेजर त्याच फाइलीचे तुकडे पाडून चार-आठ कनेक्शनांवर एकाच वेळी मागवतो, म्हणून तिथे वेग खरोखर वाढतो. सर्व्हर देशातच असेल आणि जोरकस असेल, तर एक कनेक्शनही आपली लाइन भरून टाकते आणि तिथे या तुकड्यांचा काही उपयोग होत नाही.

माझ्या मते या सॉफ्टवेअरचा खरा उपयोग अर्धवट राहिलेली फाईल पुढे चालू करण्यात आहे. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात त्या एचटीटीपीच्या 1.1 या आवृत्तीत 1997 पासून त्याची सोय आहे: मागणाऱ्याने ‘अमुक बाइटपासून पुढचे द्या’ असे सांगितले आणि सर्व्हरला ते मान्य असले, तर तो नेहमीच्या 200 ऐवजी 206 या क्रमांकाने उत्तर देतो आणि तेवढाच भाग पाठवतो. मात्र सर्व्हरने ही सोय दिलीच नसेल, तर कितीही महागडे सॉफ्टवेअर हतबल असते. एखादे संकेतस्थळ अनेक फाइलींची झिप मागणी आल्यावर जागच्या जागी बनवून पाठवते, तेव्हा एकूण आकार त्यालाही आधी ठाऊक नसतो. डाउनलोड मॅनेजरमध्ये आकाराच्या जागी ‘अज्ञात’ असे दिसले की ती फाईल तुटल्यास पहिल्यापासून घ्यावी लागणार असे समजावे. म्हणून मी झिपच्या वाटेला न जाता फाइली सुट्या-सुट्याच घेतो.

इंटरनेट डाउनलोड मॅनेजर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले आयडीएम, हे टोनेक या कंपनीचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते आणि 30 दिवस विनामूल्य वापरून पाहता येते. ब्राउझरमधला दुवा दाबताच त्याची खिडकी आपोआप समोर येते, खालच्या पट्टीत प्रत्येक तुकडा आपापल्या जागी निळा होत जाताना दिसतो, आणि एखादे कनेक्शन मोकळे झाले की उरलेल्या मोठ्या तुकड्याचे पुन्हा दोन भाग करून त्याला कामाला लावले जाते. त्यामुळे शेवटची रखडपट्टी कमी होते. मला त्यातली सर्वांत मोलाची वाटलेली सोय म्हणजे डाउनलोडचा पत्ता नव्याने घेण्याची. पुष्कळ ठिकाणचे दुवे काही तासांत बाद होतात; अशा वेळी त्या पानावर जाऊन नवा दुवा घेतला, तरी आधी उतरलेला भाग वाया जात नाही. एक खबरदारी मात्र घ्यावी. हे सॉफ्टवेअर तुकडे आधी तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवते आणि शेवटी ते जोडते, आणि ते फोल्डर मुळात सी ड्राइव्हवर असते. सी ड्राइव्हसाठी कमी जागेची एसएसडी डिस्क असलेल्यांनी सेटिंगमध्ये जाऊन ते दुसऱ्या ड्राइव्हवर न्यावे, म्हणजे मोठी फाईल जोडताना जागेची अडचण येणार नाही.

आयडीएमबद्दल लिहायचे तर बनावट प्रतींबद्दल लिहिल्यावाचून गत्यंतर नाही. माझ्या मेहुण्यांनी जेल रोडवरच्या एका दुकानातून लॅपटॉपवर ते टाकून घेतले होते. दुकानदाराने ‘भिया, लाइफटाइम चलेगा’ असे सांगून थोडे पैसे घेतले होते. महिन्याभरात ‘तुमचा सिरियल नंबर बनावट आहे’ अशी सूचना सतत येऊ लागली आणि मेहुणे तो लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आले. पाहतो तर अँटीव्हायरस बंद करून ठेवलेला होता आणि ब्राउझरमध्ये अनोळखी एक्स्टेन्शन बसलेली होती. ‘भाऊजी, याच लॅपटॉपवरून तुम्ही बँकेचे व्यवहार करता ना?’ एवढेच मी विचारले. विंडोज नव्याने टाकण्यात रविवार गेला. ज्या सॉफ्टवेअरमधून आपली प्रत्येक फाईल ये-जा करणार, ते क्रॅक करून घेणे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्यासारखे आहे. आयडीएम आवडले असेल तर परवाना विकत घ्यावा, नाही तर पुढच्या विनामूल्य सॉफ्टवेअरकडे वळावे.

फ्री डाउनलोड मॅनेजर विंडोज, मॅक, लिनक्स आणि अँड्रॉइड या चारही ठिकाणी चालते, टॉरंटही उतरवते, आणि त्याची मांडणी इतकी सुटसुटीत आहे की घरातल्या ज्येष्ठांनाही शिकवावी लागत नाही. खाली गोगलगाईचे चित्र आहे. ते दाबले की डाउनलोडचा वेग मुद्दाम कमी होतो. वहिनींचा पुण्याच्या बहिणीशी व्हिडिओ कॉल चालू असताना माझ्या पुस्तकांनी सगळी लाइन खाऊन टाकू नये, यासाठी आमच्या घरी ही गोगलगाय रोज उपयोगी पडते. वेळापत्रकाची सोयही चांगली आहे, विशेषतः ज्यांचे इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालते आणि रोजचा डेटा ठरलेला असतो त्यांच्यासाठी. या सॉफ्टवेअरच्या इतिहासात एक डाग आहे, तो सांगितला पाहिजे. सप्टेंबर 2023 मध्ये कॅस्परस्की या संगणक सुरक्षेतल्या कंपनीने उघड केले की 2020 ते 2022 या काळात त्याच्या संकेतस्थळावरून लिनक्सची प्रत घेणाऱ्या काही जणांना दुसऱ्याच पत्त्यावर वळवून हेरगिरी करणारी प्रत दिली जात होती. आपल्या संकेतस्थळाचे एक पान घुसखोरांनी ताब्यात घेतले होते, हे निर्मात्यांनीही मान्य केले. विंडोजवर मी ते आजही निःशंकपणे वापरतो. लिनक्सवर मात्र माझी निवड वेगळी आहे.

जेडाउनलोडर 2 बद्दल थोडक्यातच लिहितो. ते जावा या वेगळ्या प्रणालीच्या आधाराने चालते, त्यामुळे जुन्या संगणकावर जड वाटते. एका पानावरचे शंभर दुवे कॉपी केले की ते स्वतःहून टिपून घेते, हा त्याचा खरा गुण. नको असलेली इतर सॉफ्टवेअर सोबत आणणारा इन्स्टॉलर ही त्याच्याबद्दलची जुनी तक्रार आहे, म्हणून ते टाकताना प्रत्येक पायरीवर काय लिहिले आहे ते वाचूनच पुढे जावे.

एरिया2 ला खिडकी नाही, बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर आज्ञा लिहावी लागते. तरीही माझ्या जुन्या लिनक्स लॅपटॉपवर मी शेवटी तेच ठेवले आहे. ते मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा मूळ कोड कोणालाही पाहता येतो, अगदी हलके आहे, आणि पत्त्यांची यादी एका साध्या टेक्स्ट फाइलीत लिहून दिली की रात्रभर मुकाट्याने काम करते. अर्धवट फाइलीच्या शेजारी ते त्याच नावाची ‘एरिया2’ असे शेपूट असलेली छोटी फाईल ठेवते आणि कोणता तुकडा आला, कोणता राहिला याची नोंद तिच्यात करते. तिच्यासह दोन्ही फाइली जागेवर असल्या की तीच आज्ञा पुन्हा दिल्यावर काम जिथे थांबले होते तिथून सुरू होते. ती छोटी फाईल कचरा समजून पुसू नये. एका सर्व्हरशी किती कनेक्शन करावीत हा आकडा त्यात मुळात 1 असतो आणि 16 पर्यंत वाढवता येतो. मी 4 वर थांबतो, कारण ग्रंथालयासारख्या मोफत सेवेच्या सर्व्हरवर सोळा हातांनी ओरबाडणे मला पटत नाही आणि जास्त हाव केल्यास सर्व्हर आपल्याला रोखूही शकतो. ज्यांना काळा पडदा नको, त्यांच्यासाठी याच एरिया2 वर बेतलेले मोट्रिक्स हे खिडकीवाले सॉफ्टवेअर आहे.

फाईल पूर्ण उतरली म्हणजे ती बिनचूक उतरली, असे मी गृहीत धरत नाही. इंटरनेट आर्काइव्हवर प्रत्येक संचासोबत एक यादी असते आणि तीत प्रत्येक फाइलीची एमडी5 ही खूणसंख्या दिलेली असते; ती फाइलीतल्या मजकुरावरूनच काढलेली असते, त्यामुळे मजकूर बिघडला की ती जुळत नाही. एरिया2 ला ती संख्या आधीच देता येते. विंडोजवर सर्टयुटिल ही आज्ञा संगणकात मुळातच असते, तिने हीच संख्या काढून यादीतल्या संख्येशी ताडून पाहता येते. बत्तीस अक्षरे डोळ्यांनी जुळवण्याचा कंटाळा येतो हे खरे, म्हणून मी ती दोन ओळींत एकाखाली एक चिकटवतो. चारशे पानांच्या पुस्तकाचे तीनशे बारावे पान उघडेना म्हणून सगळा संच पुन्हा उतरवण्यापेक्षा हे एक मिनिट परवडते. आणि हो, राउटरही आता इन्व्हर्टरवर घेतला आहे.