४३,५०० रुपये गेले, वर मामांचा ब्लॉकही गेला

रक्कम आधीच लिहून टाकतो, नंतर हात धजणार नाही. त्रेचाळीस हजार पाचशे. शिवाय सांगलीहून पुण्याला जायचं-यायचं टेम्पोभाडं २,८००. एवढं मोजून पदरात पडलं ते चकाचक रंगवलेलं एक इंजिन, आणि तेही ६२ किलोमीटरवर पुन्हा जाम झालं.

गाडी १९८९ ची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल, मामांची. नव्वदच्या दशकात मामा तिच्यावर डर्ट ट्रॅकच्या शर्यती खेळायचे. सायलेन्सर वर उचललेला, मागे खाचांचा जाड टायर, ऑइल पंप काढलेला, ऑइल थेट पेट्रोलमध्ये मिसळायचं. मामा गेल्यावर मामींनी चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "विकू नकोस." हे मुद्दाम सांगतोय, कारण पस्तीस वर्षांच्या गाडीवर एवढा पैसा घातलाच कशाला, असं मला आजवर दहा जणांनी ऐकवलं आहे. घातला, कारण ती मामांची होती.

गेल्या मे महिन्यात मिरज रस्त्यावर चालत्या गाडीचं मागचं चाक एकदम धरलं. क्लच दाबला म्हणून वाचलो. किक जागची हलेना. ऑइल मी कधीच अंदाजाने घातलेलं नाही, लिटरला ४० मिली, मापाने. तेव्हा चूक माझी नव्हती. खरं कारण पुढे कळलं, ते सांगतो.

इथला आमचा मिस्त्री म्हणाला, ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ते सिलिंडर, उघडून बघू, आतून घासून बोअर करू, पाच-सहा हजारांत होईल. मी त्याचं ऐकलं नाही. मला वाटलं मामांची गाडी आहे, काम तज्ज्ञाकडूनच व्हावं. पुण्याच्या एका उपनगरात टू-स्ट्रोकचा, म्हणजे आरएक्ससारख्या पेट्रोलबरोबर ऑइल जाळणाऱ्या इंजिनांचा, मोठा नावाजलेला गॅरेजवाला होता. त्याचे व्हिडिओ मी दोन वर्षं बघत होतो. शंभर जणांनी तोंडभरून लिहिलं होतं. माझ्या जागी दुसरा कोणी असता तरी तिथेच गेला असता.

आगाऊ १५,००० दिले. आठ दिवसांनी फोन आला. "दादा, ब्लॉक गेला तुमचा. लायनरला, आतल्या नळीला, चीर आहे, बोअरिंग घेणार नाही. माझ्याकडे जपानी ब्लॉक-पिस्टन आहे, डब्यातला, स्टँडर्ड साइझ. पण दुसरं गिऱ्हाईक मागे लागलंय, आज सांगा." आज सांगा! घाई करणारा माणूस फसवतो हे मला काय माहीत नव्हतं? तरी १८,५०० त्याच संध्याकाळी यूपीआयने पाठवले. चिरेचा फोटो मागितला नाही. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ सालीच थांबलं. तेव्हापासून डब्यातला कोरा ब्लॉक सांभाळून ठेवणारे असतील एखाद-दोन, पण फोनवर आज सांगा म्हणणाऱ्याकडे तो नसतो.

मग क्रँकचे, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याचे, ६,८००: नवा कनेक्टिंग रॉड, पिन, प्रेस करून बॅलन्सिंग. मग बेअरिंग, ऑइल सील आणि गॅस्केटचे ३,२००. मग गणपती, मग लेथवाल्याच्या घरी लग्न, मग दिवाळी. हा भाग सगळ्यांना ठाऊक आहे, लांबवत नाही.

ज्या क्षणी मला कळायला हवं होतं तो क्षण माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे. ११ सप्टेंबर, दुपारी चार वाजून सात मिनिटं. त्याने फोटो पाठवला होता, नवा पिस्टन ब्लॉकमध्ये बसवलेला, हेड, म्हणजे वरचं झाकण, अजून लावायचं होतं. पिस्टनचा माथा आरशासारखा. एक्झॉस्टच्या बाजूला बाण, आणि त्याच्या शेजारी ठसठशीत कोरलेले आकडे: ०.५०.

आरएक्सचा मूळ बोअर ५० मिलिमीटरचा. ब्लॉक झिजला किंवा ओरखडला की बोअर करून पाव, अर्धा, पाऊण, एक मिलिमीटर मोठा पिस्टन टाकतात आणि तो आकडा पिस्टनच्या माथ्यावरच असतो. ०.५० म्हणजे आधीच बोअर केलेला, वापरलेला ब्लॉक. कोऱ्या स्टँडर्ड ब्लॉकमध्ये तो पिस्टन शिरणारच नाही. हे मला माहीत होतं! मामांनीच शिकवलं होतं, मी शाळेत असताना. आणि मी त्या फोटोवर बोटं फिरवून, मोठा करून, चकाकी बघत बसलो. बायकोला दाखवला. त्याला "मस्त" असं उत्तर पाठवलं. मी हिशेबाचं काम करतो, दिवसभर दुसऱ्यांच्या आकड्यांतल्या चुका काढतो. समोर लिहिलेला आकडा मला दिसला नाही, कारण मला तो बघायचाच नव्हता. रात्री झोप लागत नाही ती पैशांपायी नाही, या फोटोपायी.

गाडी नोव्हेंबरमध्ये आली. सुरू केली तर ॲक्सिलरेटर सोडल्यावरही आवाज खाली यायला वेळ घ्यायची. फोन केला. "नवीन इंजिन आहे दादा, पाचशे किलोमीटर होऊ द्या, बसेल." टू-स्ट्रोकवाल्यांनो, ॲक्सिलरेटर सोडून इंजिन तसंच चढं राहत असेल तर तिथेच बंद करा. कुठूनतरी हवा ओढतंय. ६२ किलोमीटरवर पुन्हा चाक धरलं.

या वेळी इथल्या मिस्त्रीकडे गेलो, मान खाली घालून. तो एका शब्दाने बोलला नाही. हेड काढलं, पेट्रोलचं फडकं पिस्टनच्या माथ्यावर फिरवलं. काजळी निघाली आणि खालून ०.५० वर आलं. मग मॅग्नेट काढून त्यामागचं क्रँकचं सील दाखवलं. जुनंच. नख लावलं तर कडेचा तुकडा निघाला, इतकं कडक. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमधूनच, म्हणजे क्रँकभोवतीच्या पेटीतूनच, जाते. तिथे सील वाळलं की बाहेरची जादा हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो, फुगतो, अडकतो. पहिल्यांदाही हेच झालं होतं. म्हणजे ३,२०० घेऊन ज्या रोगाने इंजिन गेलं तो रोगच त्याने तसाच ठेवला. क्रँकचा रॉडही जुनाच निघाला.

जुने पार्ट मागितले तर उत्तर आलं, "भंगारात गेले." काम देतानाच लिहून घ्या की जुना प्रत्येक पार्ट, अगदी फुटकी रिंगसुद्धा, परत हवी. नाही म्हणाला तर गाडी तिथूनच उचला.

भंगारात गेले नव्हते. जानेवारीत त्यानेच एक ब्लॉक विकायला काढला: "ओरिजिनल जपान, एकदाही बोअर नाही, २२,०००." फोटोत खालून तिसऱ्या फिनचा, म्हणजे ब्लॉकच्या बाहेरच्या पात्याचा, उजवा कोपरा नाही. एका शर्यतीत गाडी दगडावर पडली होती, तेव्हा तुटलेली ती कड मामांनी अंगणात बसून कानसीने घासली होती. मी शेजारी होतो. चीर वगैरे काही नव्हती. मामांचा ब्लॉक त्याने माझ्याकडून फुकटात घेतला आणि माझ्याच पैशांनी मला कुणाचातरी झिजका ब्लॉक दिला.

पोलीस ठाण्यात गेलो. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी, "गॅरेज आमच्या हद्दीत नाही." त्या हद्दीत गेलो, २३० किलोमीटर, रजा टाकून, तर "ही दिवाणी बाब आहे, तुम्ही स्वतःहून पैसे दिलेत." ब्लॉकचा फोटो दाखवला. हवालदार म्हणाला, "एका तुटक्या कोपऱ्यावरून तो तुमचा कसा?" शेजारचा हसला. तीन तास बाकावर बसवून शेवटी अर्जावर पोच दिली, शिक्का अर्धा उमटलेला. सायबरवाल्यांनी सांगितलं, माणूस ओळखीचा आहे, हा ऑनलाइन गुन्हा नाही. म्हणजे खोटं बोलून पैसे घेतले, वस्तू बदलली, माझी वस्तू विकायला काढली, आणि हा कुणाचाच गुन्हा नाही! चोरी मग म्हणायची तरी कशाला? मोबाइल हिसकावला असता तर नोंद झाली असती. माणूस पैसे आणि वस्तू दोन्ही गमावून दारोदार फिरतो आणि प्रत्येक टेबलावर त्यालाच विचारतात, तू एवढा भोळा कसा?

एका वकिलाने ग्राहक आयोगाचा रस्ता दाखवला. तिथल्या खिडकीवरही आधी "पुण्याला जा" म्हणाले. ऐकू नका. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. त्यांनी पक्कं बिल मागितलं. माझ्याकडे कागदाच्या चिठ्ठीवर "इंजिन काम" एवढंच. पक्कं बिल घ्या, पार्टच्या नावासकट. यूपीआयने पाठवताना खाली कशाचे पैसे ते लिहा. मी १८,५०० पाठवताना "जपानी ब्लॉक" असं लिहिलं होतं, सध्या माझ्या हातात तेवढाच पुरावा आहे. इंजिन देण्याआधी ब्लॉक, कार्बोरेटर आणि इंजिन नंबरचे जवळून फोटो काढा, आणि आतल्या न दिसणाऱ्या जागी पंचने खूण करा.

तारीख पुढच्या महिन्यात आहे. ब्लॉकची ती जाहिरात मी अर्ज दिला त्याच रात्री काढली गेली, म्हणजे तो आता फोनवरून गिऱ्हाईक शोधत असणार. तुम्हाला कुणी आरएक्सचा बोअर न केलेला जपानी ब्लॉक दाखवला तर खालून तिसरी फिन बघा. उजवा कोपरा नसेल आणि कड कानसीने घासलेली असेल तर पैसे देऊ नका, मला कळवा. तो माझ्या मामांचा आहे.