क्लचचं ऑइल जातंय कुठं? दुरुस्तीनंतरचे आठ महिने

गाडी २०१४ची डिझेल हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. क्लचचं काम केलं तेव्हा मीटरवर १,१२,४०० किलोमीटर होते, आज १,२१,००० च्या पुढे गेलेत. मध्ये साताऱ्याचा एक अख्खा पावसाळा आणि दर आठवड्याची पुणे वारी झाली. आता लिहायला हरकत नाही.

दुखणं सुरू झालं डिसेंबरात. सकाळी रिव्हर्स टाकताना कर्रर्र आवाज यायचा. पेडल दोन-तीनदा मारलं की गिअर गुमान पडायचा. थंडीमुळे असेल, म्हणून सोडून दिलं. बॉनेट उघडलं तर ब्रेक ऑइल थोडं खाली गेलेलं. भरलं. पंधरा दिवसांनी पुन्हा खाली. ब्रेक पॅड झिजत असतील, असं माझं मीच ठरवून टाकलं.

एका रविवारी पुण्याहून येताना खंबाटकीत ट्रकांच्या मागे हाफ क्लचवर चढलो. पुढे आनेवाडी टोलनाक्याच्या रांगेत पेडल खाली गेलं ते तिथंच चिकटलं. गाडी गिअरमध्ये, आणि पेडल पूर्ण दाबलेलं असूनही पुढच्या गाडीकडे सरकतेय. चावी फिरवून इंजिन बंद केलं, बुटाच्या टोकानं पेडल वर ओढलं. तिथून घरापर्यंत पहिल्या गिअरमध्येच स्टार्टर मारून निघायचं आणि पुढचे गिअर इंजिनच्या आवाजावर टाकायचे, असा प्रवास. बायको शेजारी बसली होती, पण अवाक्षर बोलली नाही. ते जास्त लागलं.

सर्व्हिस सेंटरनं पाच मिनिटांत निदान केलं: क्लच प्लेट गेली, फ्लायव्हीलसकट (इंजिनच्या टोकाचं जड चाक, ज्याला प्लेट टेकते) पूर्ण सेट बदला, ४६ हजार. मला पटेना. प्लेट गेली की क्लच घसरतो, म्हणजे चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दिला की आरपीएम वर पळतात आणि गाडी तिथंच राहते. माझी गाडी ओढत झकास होती. तिला फक्त क्लच सुटत नव्हता, आणि ती तक्रार बहुतेक वेळा ऑइलच्या बाजूची निघते.

आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी एअर, म्हणजे ऑइलच्या नळीत शिरलेली हवा, काढून दिली. पेडल कडक झालं, मी खूश. अकरा दिवसांनी पुन्हा मऊ. एअर आपोआप येत नाही, ऑइल कुठून तरी बाहेर जातं तेव्हाच ती आत शिरते. मिस्त्रींनी त्या दिवशी एवढंच विचारलं, “साहेब, ऑइल जातंय कुठं?” त्या प्रश्नावर पुढचं सगळं सुटलं.

बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचला एकच डबा असतो. क्लचची नळी त्याच्या वरच्या भागातून निघते, म्हणजे क्लच गळला तरी ब्रेकपुरतं ऑइल खाली उरतं. पॅड झिजले की त्यांना दाबणारे कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतात आणि डब्यातली पातळी उतरते, हे खरं. पण क्लच प्लेट झिजल्यानं ऑइल कमी होत नाही. क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची बोटं स्लेव्हला (ऑइलच्या दाबानं क्लच सोडवणारा खालचा सिलिंडर) मागे ढकलतात, ऑइल उलट डब्याकडे येतं. माझे पॅड सहा महिन्यांपूर्वी नवे बसवलेले. मग पंधरा दिवसांत पातळी उतरायला कारण एकच, गळती. हा हिशोब मला डिसेंबरातच करता आला असता.

आधी मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल खाली ढकलणारा पंप, बघितला. पायाखालचं कार्पेट उचलून पेडलच्या दांड्याभोवती बोट फिरवलं, तर कोरडं. पण मास्टर आतल्या आतही सील सोडतो, तेव्हा बाहेर थेंब दिसत नाही आणि पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली बसतं. म्हणून मिस्त्रींनी मास्टरकडून खाली जाणाऱ्या रबरी होजला गुळगुळीत जबड्याचा क्लॅम्प लावला. पेडल दगडासारखं झालं. म्हणजे मास्टर ठीक, बिघाड त्याच्या खाली. (नळी प्लास्टिकची असेल तर हा प्रयोग करू नका, तडकते.)

रात्री गिअरबॉक्सखाली पुठ्ठा सरकवून ठेवला. सकाळी इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्याखाली रुपयाएवढा डाग. इंजिन ऑइल की ब्रेक ऑइल? सांध्याला लोंबणारा थेंब बोटावर घेऊन स्टीलच्या वाटीतल्या पाण्यात सोडला. इंजिन ऑइल वर तरंगलं असतं. हा पाण्यात विरून गेला. ग्लायकॉलवालं ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं. म्हणजे गिअरबॉक्सच्या आतला स्लेव्ह सिलिंडर गळत होता. माझ्या गाडीत तो रिलीज बेअरिंगसोबत एकाच तुकड्यात येतो, त्यामुळे गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात पोचत नाही.

उतरवलाच आहे तर प्लेट आणि प्रेशर प्लेटही बदलली. प्लेट निम्मी शिल्लक होती, पण कडेला ऑइल लागलेलं. पुन्हा पाच हजारांची मजुरी देण्यापेक्षा हे बरं. फ्लायव्हील हातानं हलवून पाहिलं, ढिलेपणा मर्यादेत होता, तेच ठेवलं. स्लेव्ह ४,८००, प्लेटचा सेट ९,६००, मजुरी ५,०००, ऑइल ४५०. एकूण १९,८५०.

नवा स्लेव्ह बसवण्याआधी हातानं दाबून बघू नये, सील तिथंच खराब होऊ शकतो. मिस्त्रींच्या पोऱ्याचा हात तिकडे गेलाच होता, शिवी खाऊन मागे आला. एअर काढतानाही पेडल धडाधड मारलं नाही. हवा सोडायच्या निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये. सावकाश दाबायचं, निपल बंद करायचा, पेडल हातानं वर आणायचं. आधीचं ऑइल चहाच्या चोथ्यासारखं काळं निघालं. सीलचं रबर झिजून त्यात उतरलेलं.

आठ महिन्यांनंतर पेडल पहिल्या दिवशीइतकंच आहे. रिव्हर्स बिनआवाज पडतो, अगदी जानेवारीतल्या पहाटेही. क्लच आता बराच वर उचलतो, त्यामुळे पहिल्या आठवड्यात पोवई नाक्यावर दोनदा गाडी बंद पडली आणि मागच्या रिक्षावाल्यानं माझा उद्धार केला. इंजिन बंद करताना हलकी खडखड येते. ती फ्लायव्हीलचीच असावी असा संशय आहे. तेव्हा वाचवलेले पैसे पुढे मोजावे लागतील. डाव्या फेंडरवर ऑइल सांडून रंगाचा एक पट्टा गेला तो वेगळाच. सांडलं की लगेच पाणी ओता, पुसत बसू नका.

ऑइल डॉट ४च (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) भरलंय. ते हवेतलं पाणी ओढतं. नव्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, पाणी मुरल्यावर तो १५५पर्यंत उतरू शकतो. म्हणून दोन वर्षांनी बदलणार, आणि उघडी राहिलेली जुनी बाटली वापरणार नाही.

डब्यावर मार्करनं रेघ मारून ठेवली आहे. दर रविवारी गाडी धुताना तिकडे नजर जातेच. परवा बघितलं, ऑइल रेघेवरच आहे.