दंडावरचा शुगर सेन्सर : एसटीच्या ड्युटीत कसा चालला

घरात कुणाला नुकतीच शुगर निघाली असेल आणि पाच हजारांच्या आसपास खर्च झेपत असेल, तर दंडाला चिकटवून दिवसरात्र शुगर दाखवणारा हा सेन्सर एकदा तरी लावून बघाच. दर महिन्याला लावायची गरज नाही, पण एकदा लावाच.

आमचे हे एसटीत कंडक्टर आहेत, कराड भागात. तपासणी शिबिरात उपाशीपोटी शुगर १९८ निघाली, मग एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) केली ती ९.४. अंगानं किडकिडीत माणूस, त्यामुळे नातेवाइकांचा विश्वासच बसेना. (बारीक दिसणाऱ्या आपल्या लोकांच्या अंगातही चरबीचं प्रमाण जास्त असतं, नुसत्या वजनावरून अंदाज बांधता येत नाही, हे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी कधीच दाखवून दिलंय. आम्हाला ते आमच्या डॉक्टरांकडून कळलं.) मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या शुगरच्या गोळ्या सुरू झाल्या. दुपारची शुगर उतरली, सकाळची काही केल्या उतरेना. रात्री दीड भाकरी आणि मेथीची भाजी खाऊन झोपलेल्या माणसाची सकाळी १७०! सासूबाई म्हणायच्या, "स्टँडवर भजी खात असणार, घरात सांगत नाही." हे उलट बोलायचे नाहीत. ताटातलं अर्धं तसंच ठेवून उठायचे. शुगरपेक्षा मला त्याचीच जास्त काळजी लागली होती.

तेव्हा डॉक्टरांनी सेन्सर सुचवला. जुन्या रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा, गोल, पांढरा. दंडाच्या मागच्या बाजूला लावायचा. सोबतच्या साधनाने दाबला की टक् आवाज होतो आणि केसासारखी बारीक लवचीक तार कातडीखाली जाते. हे म्हणाले, बोटाला टोचण्यापेक्षा कमी दुखलं. लावल्यावर तासाभराने आकडे सुरू होतात आणि चौदा दिवस चालतात. आमचं मॉडेल फोन जवळ नेऊन स्कॅन करायचं आहे, म्हणून फोनमध्ये एनएफसी (जवळ नेऊन माहिती वाचायची सोय) असावं लागतं. यांच्या फोनमध्ये नव्हतं. मुलीनं स्वतःचा फोन बाबांना दिला आणि त्यांचा आपण घेतला. हे फार बरं झालं. पहिला आकडा ज्याची शुगर त्यालाच दिसला पाहिजे. आमच्या घरात ठरलं होतं की त्यांनी दाखवला तरच आम्ही बघायचा.

आता त्या सकाळच्या शुगरचं. फोनवर दिसणाऱ्या शुगरच्या आलेखात रात्री दोनला १२८, रेघ सपाट. चारच्या पुढं रेघ आपोआप वर चढायला लागायची आणि साडेसहाला १७२. पोटात पाण्याचा घोटसुद्धा गेलेला नसायचा. डॉक्टरांनी समजावलं की पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीत काही हार्मोन्स सोडतं, त्यामुळे लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडतं. निरोगी माणसाचं इन्सुलिन ती आवरतं, यांचं पुरं पडत नाही. मी तो आलेख सासूबाईंपुढे धरला. बराच वेळ बघत बसल्या. "म्हंजी खाल्ल्याबिगर बी चढती व्हय?" एवढंच म्हणाल्या आणि त्या दिवशी लेकाचं ताट त्यांनी स्वतः वाढलं. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

खाण्याचंही बरंच कळलं. स्टँडवरचे पोहे आणि साखरेचा चहा : ११८ वरून दीड तासात २३१. घरचे पोहे, पण मटकीची उसळ आणि शेंगदाणे घालून, आणि तेही निम्मे : १७० च्या आत. ज्वारीची भाकरी म्हणजे औषध असं आम्ही धरून चाललो होतो. तीन भाकऱ्या खाल्ल्यावर शुगर चपात्यांइतकीच चढलेली दिसली, दीड भाकरीला पिठलं आणि काकडी घेतली की आटोक्यात राहिली. सगळ्यात जास्त चढली सोमवारच्या उपवासाला, साबुदाण्याच्या खिचडीवर. उपवास यांनी सोडला नाही, खिचडी सोडली. आता दाण्याची आमटी, ताक आणि थोडी भगर घेतात. जेवल्यावर पंधरा मिनिटं चाललं की फोनवर आकड्याशेजारचा बाण खाली वळतो, हे त्यांना स्वतःला दिसलं, म्हणून आता गाडी सुटायच्या आधी डेपोच्या आवारात फेऱ्या मारतात. मी सांगून हे कधी झालं नसतं.

एकदा गाडी घाटात अडकली, जेवणाची वेळ टळली. तिकीट काढताना हात थरथरायला लागले, घाम फुटला. स्कॅन केलं तर ६६. सत्तरच्या खाली गेलं की तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यायचं आणि पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, हे डॉक्टरांनी आधीच शिकवलं होतं. पाण्याची बाटली आणि ग्लुकोज बॅगेत होतं म्हणून निभावलं. सेन्सर नसता तर हे दमले असतील असंच समजून पुढं तिकिटं फाडत राहिले असते. चौदा दिवसांचा आलेख बघून डॉक्टरांनी ग्लिमेपिराइडची मात्रा आणि वेळ बदलली. हा बदल आपल्या मनाने करू नका, कळकळीने सांगते.

उणिवा आहेतच. तार रक्तात नसते, पेशींभोवतीच्या द्रवात असते, त्यामुळे शुगर झपाट्याने वरखाली होत असताना आकडा काही मिनिटं मागे राहतो. पहिला दिवस आकड्यांवर फार भरवसा ठेवू नका. सेन्सर लावलेल्या कुशीवर झोपलं की खोटा कमी आकडा येतो. एका रात्री ५८ दाखवला, मी घाबरून ग्लुकोमीटर काढला तर १०४. म्हणून ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप्स घरात हव्यातच. आठ तासांच्या आत स्कॅन नाही केलं तर मधली नोंद पुसली जाते. मुक्कामाच्या गाडीवर हे झोपताना आणि उठल्याबरोबर स्कॅन करायचे. शुगर कमी झाल्यावर वाजणारी घंटा आमच्या मॉडेलला नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी घंटा असलेलंच घ्यावं.

आणि कंडक्टर लोकांसाठी खास : तिकिटाच्या बॅगेचा पट्टा ज्या खांद्यावर असतो त्या दंडाला लावू नका. गर्दीत दाराच्या दांड्याला घासून आमच्या सेन्सरची कड सुटली होती. वरून सर्जिकल टेप लावली, मधलं भोक मात्र उघडं ठेवलं. काढताना कडेला खोबरेल तेल लावून थोडा वेळ थांबा, कातडी ओढली जात नाही.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो किमतीसाठी. ज्यांना याची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांच्या पगारात हा दर महिन्याला बसत नाही. आमचाही पुढचा सेन्सर आता गोळी बदलली तरच, तोवर ग्लुकोमीटर. तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.६ आली. डॉक्टरांना ती सातच्या खाली हवी आहे.