जाड रोल्ड ओट्स: भरपूर खाणाऱ्या घरात अडीच महिने वापरून

आमच्या घरात माणसं चार आणि त्यातली तीन सपाटून खाणारी. थोरला भल्या सकाळी पोहायला जातो, धाकटा सध्या ताडमाड वाढतोय आणि ह्यांचं काम दिवसभर उभ्याने. त्यामुळे ओट्स म्हटलं की तिघंही नाक मुरडायचे. आधी आणले होते ते खाऊन दोन तासांत परत सगळे डबे उघडायला लागायचे, आणि "आई, हे आजारी माणसाचं खाणं आहे" असं धाकटा रोज म्हणायचा. मला मात्र ते सोडायचं नव्हतं, कारण सकाळी एका पातेल्यात चौघांचं होणारं, बिनतळणाचं आणि पौष्टिक असं दुसरं काही पटकन सुचत नाही. म्हणून यावेळी नीट वाचून साधे जाड रोल्ड ओट्स आणले, पाकिटावर जंबो किंवा ओल्ड फॅशन्ड लिहिलेलं असतं ते. अडीच महिने आठवड्यातून पाच दिवस वापरले, आता लिहायला हरकत नाही.

आधी पाकीट. घटकांमध्ये एकच शब्द, ओट्स. साखर नाही, मीठ नाही, फ्लेवर नाही. मला एवढंच पुरेसं होतं. पापुद्रे चांगले जाड आणि अख्खे आहेत, हातात घेतले तर एकेक वेगळा दिसतो. तळाशी थोडा भुगा निघतो पण फार नाही, आणि भुगा बघून घ्यायचाच कारण तो जास्त असला की लापशी चिकट गोंदासारखी होते. वास गोडसर, दाण्यासारखा आला. कडवट किंवा जुन्या तेलासारखा वास आला तर सरळ परत करा, ओट्समध्ये गव्हापेक्षा बरीच जास्त चरबी असते म्हणून ते खवट होऊ शकतात. त्यासाठीच कारखान्यात दाणे आधी वाफवतात आणि मग लाटतात. वरची झिप मात्र बेकार, दुसऱ्याच दिवशी लागेनाशी झाली. मी लगेच घट्ट झाकणाच्या बरणीत भरले.

आता मुख्य मुद्दा, पोट भरतं का. भरतं, पण पाकिटावर लिहिलंय तेवढं घेतलं तर नाही, हे मला पहिल्या आठवड्यात कळलं. पाकिटावर एक सर्व्हिंग ४० ग्रॅम. ४० ग्रॅममध्ये साधारण १५० कॅलरी आणि ५ ग्रॅम प्रोटीन, तेही पाण्यात शिजवलं तर वर काहीच भर नाही. पोहून आलेल्या मुलाला एवढ्यावर भूक लागणारच, त्यात ओट्सचा काय दोष! आमच्याकडे इतके दिवस ओट्सना नावं ठेवली गेली ती सगळी या मापामुळे असं माझं स्पष्ट मत आहे. आता थोरल्याला ९०, ह्यांना ८०, धाकट्याला ७० आणि मला ४०, असं वजनकाट्यावर मोजून घेते.

थोरल्याचा बाऊल सांगते म्हणजे अंदाज येईल. ९० ग्रॅम ओट्स, ३०० मिली दूध, २५० मिली पाणी, चिमूटभर मीठ, शिजल्यावर दोन मोठे चमचे पीनट बटर आणि एक केळं. सगळं मिळून ८०० च्या वर कॅलरी, ३० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि १२-१४ ग्रॅम फायबर. सात वाजता खाल्लं की दुपारच्या जेवणापर्यंत तो काही मागत नाही, जो मुलगा आधी नऊला बिस्किटाचा पुडा संपवायचा!

हे टिकतं कशामुळे तर ओट्समध्ये बीटा ग्लुकन नावाचं विरघळणारं फायबर असतं. ते पाण्यात फुगून दाट होतं (लापशीला जो बुळबुळीत दाटपणा येतो तो त्याचाच) आणि त्यामुळे खाल्लेलं पोटातून सावकाश पुढे सरकतं. कमी संपृक्त चरबीच्या आहारासोबत रोज ३ ग्रॅम बीटा ग्लुकन पोटात गेलं तर हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, अशा अर्थाचं वाक्य पाकिटावर छापायला अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं सरकारी अन्न आणि औषध खातं) १९९७ पासून परवानगी दिली आहे. ३ ग्रॅमसाठी साधारण ७५ ग्रॅम ओट्स लागतात, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या मापात ते जवळजवळ आपोआप बसतं. अजून एक मला फार आवडलेली गोष्ट, १९९५ साली सिडनी विद्यापीठात ३८ पदार्थ घेऊन, प्रत्येकाचा २४० कॅलरीचा वाटा देऊन, पोट किती भरल्यासारखं वाटतं ते मोजलं होतं. पांढऱ्या ब्रेडला १०० धरलं तर कॉर्नफ्लेक्सला ११८ मिळाले आणि ओट्सच्या लापशीला २०९. पहिला नंबर उकडलेल्या बटाट्याचा होता, ३२३.

इन्स्टंटवाल्या छोट्या पाकिटांशी तुलना केल्याशिवाय राहवत नाही कारण आमची सुरुवात त्याच्यावरच झाली होती. ते ओट्स अगदी पातळ लाटलेले आणि आधीच शिजवून वाळवलेले असतात, गरम पाणी ओतलं की मिनिटात लगदा. चावायला काही राहतच नाही. ग्लायसेमिक इंडेक्स (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती पटकन चढते त्याचं माप) पण जाड ओट्सचा ५५ च्या आसपास आणि इन्स्टंटचा ७५ च्या आसपास, म्हणजे इन्स्टंटने साखर पटकन चढते आणि पटकन उतरते. त्यात फ्लेवरवाल्यांमध्ये साखर घातलेली असते ती वेगळी, पाकीट उलटं करून वाचा एकदा. प्रवासात ठीक आहे, भरपूर खाणाऱ्या माणसाच्या रोजच्या नाश्त्याला मी ते पुन्हा आणणार नाही.

स्टील कट पण आणून बघितले, म्हणजे अख्खा दाणा पोलादी पात्यांनी दोन-तीन तुकडे करून कापलेला. चव विचाराल तर सगळ्यात भारी, दाताखाली छान येतात. पण २५-३० मिनिटं गॅसजवळ उभं राहायचं म्हणजे शाळेच्या दिवशी अशक्य. रात्री उकळत्या पाण्यात घालून, गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवले तर सकाळी दहा मिनिटांत होतात, ते मी रविवारी करते. रोजच्यासाठी जाड रोल्ड हाच मधला मार्ग सापडला.

शिजवण्याबद्दल पाकिटावर ५ मिनिटं लिहिलंय ते विसरा, जाड पापुद्र्याला १० ते १२ मिनिटं हवीतच. मी आधी कोरडेच मंद गॅसवर तीन-चार मिनिटं भाजते, खमंग वास सुटला की पाणी, दूध आणि मीठ. मीठ सुरुवातीलाच घालायचं, नाहीतर नंतर कितीही गोड घाला चव अळणीच लागते. मऊसूत हवं असेल तर ओट्स गार पाण्या-दुधातच घालून गॅस लावायचा, दाणा वेगळा हवा असेल तर उकळी आल्यावर घालायचे. एक गोष्ट नक्की, पातेलं खोलगट आणि लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट मोठं घ्या कारण एवढ्या मापाला हे भसाभसा उतू जातं. मधूनमधून तळापासून ढवळत राहा, तळाला लागलेली लापशी सगळ्या पातेल्याला वास लावते. थोडी सरसरीत असतानाच गॅस बंद करून झाकण ठेवते, चार मिनिटांत हवी तेवढी दाट होते.

प्रोटीन वाढवायचे दोन प्रकार आम्हाला पटले. एक म्हणजे अंडं. दोन अंडी थोड्या दुधात नीट फेटून, शेवटी अगदी बारीक गॅसवर धार सोडत सतत ढवळायची. दोन-तीन मिनिटांत कस्टर्डसारखं मखमली होतं आणि अंड्याचा वास अजिबात येत नाही, धाकट्याला तर दोन आठवडे कळलंच नव्हतं. प्रत्येक अंड्यामागे ६ ग्रॅम प्रोटीन. दुसरं व्हे पावडर (दुधाच्या निवळीपासून केलेली प्रोटीन पावडर), पण ती गॅसवर असताना घातली तर गुठळ्या होतात, म्हणून आधी थोड्या गार दुधात कालवून गॅस बंद केल्यावर मिसळायची. नुसता आकार वाढवायचा असेल तर एक सफरचंद किसून घाला. ते शिजताना विरघळतं, गोडवा येतो आणि बाऊल काठोकाठ भरतो.

एक सांगायला हवं, एकदम ९० ग्रॅमवर उडी मारू नका. ह्यांनी पहिल्याच दिवशी मोठा बाऊल खाल्ला आणि दिवसभर पोट फुगलं. ५० पासून सुरुवात करून दोन आठवड्यांत वाढवलं आणि पाणी जास्त प्यायला लागले तेव्हा त्रास गेला. आणि घरात कोणाला सीलिअॅकचा त्रास (गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार) असेल तर ग्लुटेन फ्री लिहिलेलेच ओट्स घ्या, कारण शेतात आणि गिरणीत गहू मिसळतो. तसे ओट्ससुद्धा काहींना सोसत नाहीत, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा.

उरलेली लापशी फ्रिजमध्ये तीन दिवस व्यवस्थित राहते. वडीसारखा गोळा होतो तो, घाबरू नका, दूध घालून चमच्याने मोडत गरम केली की परत पहिल्यासारखी.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या झिपचा आणि त्या ५ मिनिटांच्या सूचनेचा कापला. एक किलो आमच्याकडे जेमतेम तीन-साडेतीन दिवस पुरतो, त्यामुळे आता मोठी गोणीच मागवलीय, आणि धाकटा मोठ्या बाऊलसाठी भावाशी भांडतोय.