पोहणं की दोरीवरच्या उड्या? वाढत्या हाडांसाठी काय बरं

मुलांना व्यायाम हवा म्हटलं की पालक हमखास पोहण्याचा क्लास लावतात. त्यात वावगं काही नाही. दम वाढतो, खांदे भरतात, सांध्यांना त्रास होत नाही. पण हाडांपुरतं बोलायचं तर मी दोरीच्या बाजूने आहे.

हाड जिवंत असतं. त्यावर भार पडला की तिथे नवं हाड तयार होतं. उडी मारून पाय टेकतात तेव्हा वजनाच्या कितीतरी पट भार क्षणभर नडगी, मांडी आणि खुब्यावर येतो. पाण्यात शरीर तरंगतं, मग हा भार येणार कुठून? म्हणूनच रोज तासन्‌तास पोहणाऱ्या खेळाडूंची हाडं जिम्नॅस्टइतकी घट्ट नसतात. टेनिसपटूंचं पाहा: रॅकेट धरणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं, आणि लहानपणी खेळू लागलेल्यांत हा फरक जास्त दिसतो. आयुष्यभराच्या हाडांचा सुमारे ९० टक्के साठा १८ ते २० वर्षांपर्यंत जमतो, त्यामुळे हेच वय मोलाचं.

दोरीच्या उड्या सलग नकोत. थोड्या मारा, थांबा, पुन्हा मारा. शक्यतो मातीवर, पायात बूट घालून. लंगडी, खो-खोही तितकेच उपयोगी.

गुडघे दुखत असतील किंवा वजन फार असेल, तर आधी पोहणंच बरं. आणि कुठलाही व्यायाम करणाऱ्या मुलीची पाळी बंद झाली, तर थांबून डॉक्टरांना दाखवा. व्यायामाच्या मानाने खाणं कमी पडलं की अनेकदा पाळी थांबते, आणि असं अपुरं खाणं हाडं पोखरतं.